“माडावर चढावे लागेल!”

विद्यार्थ्याला अभ्यासाकडे वळविण्यासाठी आम्ही शिक्षक आणि तुमचे आईवडील जी वाक्ये वर्षानुवर्षे वापरीत आलो आहोत, त्यांचा कोणी संग्रह केला, तर त्यातून आपल्या समाजाच्या मनाचे मोठे यथार्थ चित्र उभे राहील. “नीट शिकला नाहीस तर गुरे राखावी लागतील,” “नापास झालास तर ट्रक धूत बसावे लागेल,” आणि आपल्या डिचोली-पेडण्याच्या बाजूचे खास वाक्य म्हणजे, “अभ्यास केला नाहीस तर माडावर चढावे लागेल!” आज मला या शेवटच्या वाक्याविरुद्ध लिहावयाचे आहे. परंतु हे वाक्य मी स्वतः एकदा भर वर्गात उच्चारलेले असल्यामुळे आधी माझा कबुलीजबाब देणे उचित होईल.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकतीच पदवी घेऊन शिक्षिकेच्या खुर्चीवर बसले होते, आणि नव्या शिक्षकाच्या अंगी जो एक कडकपणा असतो तो माझ्या अंगी पुरेपूर होता. नववीच्या वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेरच्या आंब्याकडे पाहत असे. समास शिकवावा, अलंकार शिकवावा, याची दृष्टी आपली आंब्यावर. एके दिवशी माझा धीर सुटला आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघून गेले. वर्ग खदखदून हसला. तो मात्र हसला नाही. त्याने मान खाली घातली आणि वही उघडली. त्याचे वडील पाडेली होते. गावातल्या माडांचे नारळ पाडून आणि पोफळींवर चढून त्यांनी घर चालविले होते. हे मला ठाऊक नव्हते. वर्गाला ते ठाऊक होते, आणि म्हणूनच वर्ग इतका हसला, हे मला मागाहून कळले. कळल्यावरही मी त्या मुलाची क्षमा मागितली नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागावी, ही कल्पनाच तेव्हा मला सुचली नाही.

तो मुलगा पुढे बारावीपर्यंत शिकला आणि एका बागकामाच्या कंत्राटदाराकडे कामाला लागला. दोर, पट्टे आणि शिरस्त्राण घेऊन मोठ्या झाडांवर चढणे, वाळलेल्या फांद्या उतरविणे, वादळात कललेली झाडे सांभाळणे, हे त्याचे काम झाले. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आरंभी, एका रविवारी, तो माझ्या घरी आला. त्याच्या हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होते. ओसरीवर बसून त्याने ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, “बाई, मला एक परीक्षा द्यायची आहे. झाडाचे मला समजते. इंग्रजीचे तुम्ही समजावून द्याल का?”

मित्रांनो, त्या दिवसापासून जवळजवळ वर्षभर, दर रविवारी, मी त्याची शिक्षिका होते आणि तो माझा शिक्षक होता. त्या अभ्यासातून मला जे दिसले, ते तुमच्यापुढे मांडावे आणि त्यावरून एक मत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही परीक्षा आहे वृक्षतज्ज्ञाची. इंग्रजीत अशा माणसाला आर्बोरिस्ट म्हणतात. माळी बाग फुलवितो, वनाधिकारी जंगल सांभाळतो. आर्बोरिस्ट हा एकेका झाडाची प्रकृती पाहणारा माणूस होय. अमेरिकेत 1924 साली स्थापन झालेली, आणि आज इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या नावाने ओळखली जाणारी, एक संस्था ही परीक्षा घेते आणि निरनिराळ्या देशांतले लोक तिला बसतात. नुसती पुस्तके वाचून तिला बसता येत नाही. पदवी नसलेल्या उमेदवाराला तीन वर्षे पूर्णवेळ झाडांचे काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. झाडाची शरीररचना, माती, झाडांची ओळख व निवड, लागवड, छाटणी, रोगनिदान, कामातील सुरक्षितता, झाडापासून संभवणाऱ्या धोक्याचे मूल्यमापन, बांधकामाच्या जागी झाडाचे रक्षण, अशा अनेक विषयांवर प्रश्न असतात. शिवाय एकदा उत्तीर्ण झाले म्हणजे जन्माचे काम झाले, असेही नाही. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची. त्या काळात नवे शिक्षण घेतल्याचे दाखवावे, अथवा पुन्हा परीक्षेला बसावे. हे ऐकून मी मनात ओशाळले. माझ्या बी. ए.च्या पदवीची मुदत कोणी ठरविलेली नाही. ती मिळाल्यापासून मी काय नवे शिकले, असे मला आजवर कोणी विचारले नाही. आणि “माडावर चढावे लागेल” असे मी ज्याला हिणविले होते, तो मात्र असे प्रमाणपत्र मिळवू पाहत होता की, जे टिकविण्यासाठी जन्मभर विद्यार्थी राहावे लागते!

आता त्या पुस्तकातील काही गोष्टी सांगते. कारण अभ्यास म्हणजे नेमके काय, हे त्याशिवाय कळणार नाही.

छाटणीच्या प्रकरणात एक शब्द वारंवार येई. फांदी जेथे खोडातून निघते तेथे सालीचा एक फुगीर पट्टा असतो; इंग्रजीत त्याला फांदीची ‘कॉलर’ म्हणतात. मी सदऱ्याच्या कॉलरचा दृष्टान्त देऊन समजावू लागले. त्याचे समाधान होईना. त्या दिवशी त्याचे वडीलही बरोबर आले होते. ते उठले, अंगणातल्या फणसापाशी गेले, एका फांदीच्या मुळाशी त्या फुगवट्यावर अंगठा ठेवला आणि आपल्या कोंकणीत म्हणाले, “खांदीक खांद आसता. खांद कापूंक जायना.” फांदीला खांदा असतो, खांदा कापू नये. अर्ध्या तासाचे माझे व्याख्यान त्या दोन वाक्यांनी निकालात काढले. आमच्या वहीत त्या दिवसापासून ‘कॉलर’ला ‘खांदा’ हाच शब्द रूढ झाला.

हा खांदा का कापू नये, ते मात्र पुस्तकाने सांगितले. अलेक्स शायगो नावाचा एक अमेरिकन शास्त्रज्ञ होता. 2006 साली तो वारला. अमेरिकेच्या वनखात्यात त्याने 1959 पासून पाव शतक काम केले. यांत्रिक करवतीने झाडांची खोडे उभी चिरून आतली कीड आणि कुज कोठून कोठे पसरते, हे त्याने पाहिले. त्यातून त्याला असे आढळले की, झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. आपल्या शरीरात इजा झालेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाड तसे करू शकत नाही. ते जखमेच्या भोवती चहूबाजूंनी आतून भिंती घालते, कुजलेला भाग कोंडून ठेवते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवून ती जागा झाकून घेते. 1977 साली त्याने हा सिद्धान्त विस्ताराने प्रसिद्ध केला. फांदीच्या मुळाशी, या खांद्यात, झाडाने अशी भिंत घालण्याची व्यवस्था केलेली असते. फांदी खोडाशी अगदी सपाट कापली की खांदा जातो, आणि कुज थेट खोडात शिरते. लांब खुंट ठेवला तर तो खुंट कुजत राहतो. म्हणून कापावे ते खांद्याच्या लगत बाहेरून. फांदी जड असेल तर आधी थोडी दूर खालून खाच घ्यावी, मग तिच्या पलीकडे वरून कापून वजन उतरवावे, आणि शेवटी उरलेला खुंट काढावा. म्हणजे फांदी मोडताना साल खोडापर्यंत सोलवटत नाही. कापल्या जागी डांबर किंवा रंग फासण्याची जी आपल्याकडे पद्धत आहे, तिचा कुज थांबविण्यास उपयोग होत नाही, हेही शायगोने दाखवून दिले. त्याच्यापूर्वी त्याच्या देशातले जाणकारसुद्धा फांदी सपाट कापा आणि वर लेप लावा, असेच सांगत असत.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. आपल्याकडे सुरपाल नावाच्या पंडिताने सुमारे हजार वर्षांपूर्वी वृक्षायुर्वेदावर संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे, आणि 1996 साली नलिनी साधले यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. झाडांनाही रोग होतात, त्यांनाही उपचार हवेत, ही दृष्टी त्या काळी आपल्याकडे होती, याचा अभिमान अवश्य वाटावा. परंतु त्यात लेप सांगितले आहेत, म्हणून लेप योग्यच, असे म्हणणे म्हणजे अभिमानाला अभ्यास समजणे होय. लेपाने गुण येतो की नाही, हे झाड चिरून पाहिल्यावाचून ठरत नाही. ज्याने झाड चिरून पाहिले तो कोणत्या देशाचा, हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

माडाच्या प्रकरणाने तर आमच्या अभ्यासात एक कठीण प्रसंग आणला. आंबा, फणस, वड यांच्या सालीखाली वाढीचा एक पातळ थर असतो. त्याच्यामुळे खोड जाड होते आणि जखम झाकली जाते. माड आणि पोफळ ही मात्र गवताच्या नात्यातली झाडे. त्यांच्या खोडात असा थर नाही, वर्षाची वर्तुळे नाहीत. त्यामुळे माडाच्या खोडावर पडलेली जखम जन्मभर तशीच राहते. चढण्यासाठी माडाला कोयत्याने खाचा घालण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यातील प्रत्येक खाच ही अशी कायमची उघडी जखम होय. अशाच जखमांपाशी सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या आतून माड पोखरतात.

हे वाचून झाल्यावर माझा विद्यार्थी गप्प झाला. वडील समोरच बसले होते. त्यांनी आयुष्यात किती माडांना खाचा घातल्या असतील, याचा हिशेब त्यांच्यापाशीही नसेल. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “आमकां कोणेंच सांगूंक ना.” आम्हाला कोणी सांगितलेच नाही.

त्या वाक्यात रोष नव्हता. पण मला ते फार लागले. सांगणार कोण? सांगण्याचे काम ज्यांचे, ते आम्ही शिकलेले लोक, माडावर चढणे ही अडाण्याची शिक्षा आहे, असे मुलांना शिकविण्यात गुंतलो होतो. ज्या कामाला विद्येची गरजच नाही असे आपण ठरविले, त्या कामापर्यंत विद्या पोहोचवावी कशी? या वाक्याचा खरा अपराध मला येथे दिसतो. त्याने एका मुलाचा अपमान झाला, हे तर खरेच. परंतु त्याहून मोठे नुकसान असे की, त्याने एका धंद्याला पिढ्यान् पिढ्या ज्ञानापासून दूर ठेवले.

याचा अर्थ त्या वृद्ध पाडेल्याला काही ठाऊक नव्हते, असा मात्र कोणी घेऊ नये. चढण्यापूर्वी ते कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकत आणि कान देऊन ऐकत. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “माड उलयता, आयकुपाक जाय.” माड बोलतो, ऐकायला पाहिजे. पुढे धोक्याच्या मूल्यमापनाच्या प्रकरणात आम्ही वाचले की, तज्ज्ञानेही लाकडी हातोडीने खोड ठोकून पाहावे. पोकळ जागी आवाज बदलतो. पुस्तकातले ते वाक्य मुलाने वडिलांना कोंकणीत सांगितले, तेव्हा म्हातारा मोठ्याने हसला. आपण जे जन्मभर केले ते परदेशच्या पुस्तकात छापले आहे, याचा आनंद त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप त्या वडिलांचाच. “माडाला थोडेच वाचता येते? त्याला सर्टिफिकेट कशाला?” असे ते गमतीने विचारीत. माडाला नको हे खरे. पण माणसांच्या जगात कागदाला किंमत आहे, आणि ती मये गावाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या गावची जमीन पोर्तुगीज काळापासून एका सरदार घराण्याच्या नावावर होती. 1961 साली गोवा मुक्त झाल्यावर ती स्थलांतरितांची मालमत्ता ठरली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ही जमीन कसली, कुळागरे राखली, माड लावले, त्यांच्या हाती कागद नव्हता. त्यासाठी गावाने किती वर्षे झगडा केला, आणि 2014 साली कायदा व्हावा लागला, हे घराघरांतून ठाऊक आहे. जमीन आपली आहे हे आपल्याला माहीत असणे वेगळे, आणि सनद हाती असणे वेगळे. कसबाचेही तसेच आहे. वडिलांचा पाय सात वर्षांपूर्वी पोफळीवरून पडून मोडला. एका पोफळीवरून दुसरीचा शेंडा धरून जाण्याचे ते कौशल्य. क्षणाची चूक झाली. विमा नव्हता, दोर नव्हता, भरपाई कोणाकडे मागावी हेही ठाऊक नव्हते. घर मुलाच्या मजुरीवर आले. प्रमाणपत्राने माणूस पडावयाचा थांबत नाही. परंतु प्रशिक्षण, दोर, विमा आणि योग्य मजुरी या गोष्टी मागण्याला त्याने आधार मिळतो.

हे अशक्य नाही, याचे उदाहरण जवळच आहे. नारळ विकास मंडळाने 2011 साली केरळात ‘नारळवृक्षाचे मित्र’ या अर्थाच्या नावाने एक उपक्रम सुरू केला. चढण्याच्या यंत्राचा वापर, झाडाच्या रोगांची ओळख, शेंड्याची साफसफाई, असे सहा दिवसांचे शिक्षण. सोबत चढण्याचे यंत्र आणि अपघाताचा विमा. त्याचा लाभ तरुणांनी घेतला, तसा स्त्रियांनीही घेतला. गोव्यातही असे वर्ग झाले आहेत. यंत्राने चढल्यास माडाला खाच घालण्याची गरज उरत नाही, हा त्यातला माडाचा लाभ.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा: परीक्षा परदेशी, शुल्क डॉलरमध्ये, भाषा इंग्रजी, उदाहरणे ओक आणि मेपलची, मये गावातल्या मुलाने तिच्यामागे का लागावे? या आक्षेपात तथ्य आहे, आणि आम्ही त्याची किंमत मोजली. माझा विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात अनुत्तीर्ण झाला. परतल्यावर त्याने सांगितले की, कितीतरी प्रश्नांत “यांपैकी कोणते सर्वांत कमी संभवते?” असा उलटा प्रश्न होता, आणि घाईत त्याने तो सुलटा वाचला. झाडाचे उत्तर त्याला येत होते. प्रश्नाची इंग्रजी त्याला आडवी आली. मी त्याची इंग्रजीची शिक्षिका. म्हणून या अपयशात माझाही वाटा आहे.

यावर काही लोक लगेच म्हणतील, “पाहा, म्हणूनच मुलांना मराठी शाळेत घालू नये.” मला तसे वाटत नाही. ‘खांदा’ हा शब्द मिळाला तेव्हा ती कल्पना त्याच्या मनात कायमची बसली. ‘कॉलर’ हा शब्द त्यावर नंतर सहज चढविता आला. समजणे आपल्या भाषेत घडते. परकी भाषा नंतर मेहनतीने जोडावी लागते, आणि ती मेहनत टाळता येत नाही, हेही तितकेच खरे. आपली चूक भाषेच्या निवडीत नसून, या विषयाचे आपल्या भाषेत एकही चांगले क्रमिक पुस्तक आणि आपल्या झाडांवर आधारलेली एकही चांगली परीक्षा आपण तयार केली नाही, यात आहे. माड, पोफळ, आंबा, फणस, वड, काजू यांच्यावर आधारलेली, मराठीतून आणि कोंकणीतून देता येईल अशी परीक्षा आपल्या कृषिसंस्थांनी आणि तंत्रशाळांनी का सुरू करू नये? आणि ती करताना एक काळजी अवश्य घ्यावी. ज्याला लिहिता येत नाही, पण माडाचे बोलणे ऐकू येते, त्याची परीक्षा झाडाखाली, तोंडी आणि प्रत्यक्ष कामातून व्हावी. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनांत आहेच. तसे न केल्यास नवे प्रमाणपत्र जुन्या जाणकाराला ‘अप्रमाणित’ ठरवील आणि त्याच्या मुलाला वर काढताना बापाला खाली ढकलील. ते आपल्याला नको.

अशा माणसांची आपल्याला खरोखर गरज आहे का, असे कोणी विचारील. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे उन्मळून पडली, तारा तुटल्या, कितीतरी गावे अंधारात राहिली, हे तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर अनेकांना प्रत्येक मोठे झाड शत्रू वाटू लागले आणि कुऱ्हाडी निघाल्या. धोक्याचे मूल्यमापन करणारा माणूस तीन प्रश्न विचारतो: हे झाड वा त्याची फांदी मोडण्याचा संभव किती? मोडली तर कोणावर वा कशावर पडण्याचा संभव किती? आणि पडली तर हानी किती? रानातल्या पोकळ झाडाखाली कोणी राहत नसेल तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. तेच झाड शाळेच्या फाटकावर असेल तर विचार केलाच पाहिजे, आणि तो करताना पुष्कळदा एक फांदी उतरवून सबंध झाड वाचविता येते. नुसते भय झाड तोडते, नुसती माया धोक्याकडे डोळेझाक करते. या दोहोंमधून वाट काढावयाची तर ज्ञान लागते. गोव्यात 1984 पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. त्याच कायद्याच्या व्याख्येतून माड 2016 साली वगळला गेला आणि लोकांनी आवाज उठविल्यावर 2017 साली पुन्हा आत घेतला गेला. कायदा झाड तोडू नका एवढे सांगू शकतो. झाड सांभाळावे कसे, हे त्याला सांगता येत नाही.

आणि आता आपल्या अंगणाकडे या. ज्या आंब्याकडे तो मुलगा वर्गातून पाहत असे, तो अजून उभा आहे. प्रमाणपत्राच्या अभ्यासात गढलेला माझा विद्यार्थी एकदा शाळेत आला, तेव्हा त्याने पाच मिनिटांत त्या झाडाची जी प्रकृती सांगितली, ती आपण इतकी वर्षे त्याच्या सावलीत बसून जाणली नव्हती. बुंध्याला सर्व बाजूंनी चिकटून सिमेंटचा पार बांधला आहे. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. त्यांना पाणी आणि हवा लागते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. खोडात फलकांसाठी ठोकलेले खिळे आहेत. स्नेहसंमेलनाच्या दिव्यांसाठी गुंडाळलेली एक तार कोणी सोडलीच नाही. ती सालीत रुतत चालली आहे. पाने जे अन्न करतात ते सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. तार तो मार्ग आवळते. “बाई, ह्याला कोणी मारत नाही,” तो म्हणाला, “पण ह्याच्याकडे कोणी बघतही नाही.”

तेव्हा माझी विद्यार्थिमित्रांना विनंती अशी की, या वर्षी पहिल्या पावसापूर्वी ती तार आपण सोडवू. खिळे ओढून काढताना नवी जखम होऊ नये म्हणून ते काम जाणत्याच्या देखरेखीखाली करू, आणि नवा खिळा मात्र एकही ठोकणार नाही असे ठरवू. पाराचे सिमेंट बुंध्यापासून मागे घेण्याविषयी मी मुख्याध्यापकांना लेखी विनंती केली आहे. शाळेच्या आवारातील प्रत्येक झाडाची एक नोंदवही असावी. तिच्यात झाडाचे मराठी आणि कोंकणी नाव, घेर, जखमा आणि केलेली कामे लिहावीत. आठवीच्या मुलांनी ती आरंभिली तर दहावीपर्यंत त्यांना झाड वाचता येऊ लागेल.

पालकांना विनंती याहून अवघड आहे. आपला मुलगा किंवा मुलगी उद्या म्हणाली की, “मला झाडांचे काम शिकायचे आहे,” तर घरात सुतक असल्यासारखे तोंड करू नका. तिला विचारा: दोर कोणता, विमा आहे का, कोणाकडून शिकणार, परीक्षा कोणती? हे प्रश्न आपण डॉक्टर-इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या मुलांना विचारतो. तेच येथेही लागू आहेत. आणि तुमच्या माडावर जो माणूस चढतो, त्याची मजुरी ठरविताना तो किती उंचावर आपला जीव टांगतो, याचाही विचार करा.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा माझ्या विद्यार्थ्याची दुसरी परीक्षा तोंडावर आलेली असेल. या वेळी आम्ही उलट्या प्रश्नांची शंभर उदाहरणे सोडविली आहेत. तो उत्तीर्ण होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण मला माझे एक जुने देणे फेडावयाचे होते. गेल्या महिन्यात एका रविवारी वही मिटल्यावर मी त्याला नववीतल्या त्या दिवसाची आठवण दिली आणि त्याची क्षमा मागितली. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बाई, तुमचे वाक्य तेव्हा उलटे झाले होते, एवढेच.”

ते वाक्य मी आता सुलटे करून या पानावर लिहिते, आणि पुढे वर्गात मी ते असेच म्हणेन: अभ्यास केला नाहीस, तर माडावर चढता यावयाचे नाही.